नक्षी आधी मातीत

ख्रिस्तपूर्व बारावं शतक. उत्तर चीनमधल्या ह्वान नदीच्या काठी, आजच्या आनयांग शहराला लागून, शांग राजांची शेवटची राजधानी पसरली आहे. तिच्या पश्चिम अंगाला, पुढे श्याओमिनथुन म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, काशाची भांडी ओतण्याचा मोठा कारखाना आहे. तिथल्या एका दिवसाचा हा हिशेब. दिवस मी जुळवलेला आहे. त्यातली कामं मात्र तिथे सापडलेल्या साच्यांवरून, भट्ट्यांच्या फुटक्या भिंतींवरून आणि खुद्द भांड्यांवर राहून गेलेल्या खुणांवरून वाचता येतात. माणसांना नावं देत नाही. या राजधानीत राजाचा दात दुखला तरी कौल लावला जाई आणि तो हाडावर कोरून ठेवला जाई, पण ओताऱ्यांची हजेरी लिहावी असं कुणाला वाटलं नाही.

दिवसाचे भाग मात्र त्या हाडांवरच मिळतात. शांग लोकांच्या दिवसाला दोन जेवणांचे खांब होते: सकाळी उशिरा मोठं जेवण, दुपार टळल्यावर लहान जेवण. त्यांच्या आगेमागे उजाडणं, मध्यान्ह, सूर्य कलणं आणि रात्र. मीही तीच घड्याळं वापरतो.

काम एका मद्यपात्राचं धरू. उंच, कमरेत बारीक, वर कर्ण्यासारखं उमललेलं तोंड आणि खाली पसरलेला पाय. आज आपण त्याला कू म्हणतो. हे नाव सोंग काळातल्या संग्राहक पंडितांनी दिलेलं, म्हणजे निदान दोन हजार वर्षांनंतरचं. कू आणि तीन पायांचं ज्युए ही मद्यपात्रांची ठरलेली जोडी. माणूस केवढा मोठा, ते त्याच्या थडग्यातल्या जोड्यांवरून मोजावं इतकी ठरलेली. राजा वू दिंगची राणी आणि सेनानी फू हाओ हिचं थडगं 1976 साली झंग झनश्यांग यांच्या पथकाला न लुटलेलं सापडलं, त्यात 53 कू आणि 40 ज्युए होती. साध्या माणसाच्या थडग्यात हीच जोडी मातीची.

आपला कू मधल्या मानाच्या एका घराण्याने सांगितलेला आहे. शांगांचा आठवडा दहा दिवसांचा, आणि प्रत्येक पितराला त्यातल्या एका दिवसाचं नाव. ज्याचं नाव यी, त्याला मद्य आणि मांस यी दिवशी. आज शिन. यी चार दिवसांवर आहे, आणि जोडीतलं ज्युए अजून ओतायचंच आहे.

उजाडताना

काल ओतलेला साचा रात्रभर निवला. आता तो फोडायचा. बाहेरचं मातीचं लिंपण दोन-चार ठोक्यांत सुटतं. त्याखालचे साच्याचे तुकडे धातूला धरून बसलेले असतात. ते एकेक करून उकलायचे. सुरुवात पायाकडून, कारण पेला उलटा ओतलेला आहे, तोंड खाली आणि पाय वर. साच्याची आतली बाजू धातूच्या झळीने काळवंडली आहे आणि तिच्यावर एका चेहऱ्याचा अर्धा भाग दिसतो: डोळ्याच्या जागी खळगा, शिंगाच्या जागी वळलेली खाच. साच्यात जे खोल, ते भांड्यावर उठून आलेलं.

पोटातली माती काढायला वेळ लागतो. कूला गाभे दोन, एक वरच्या तोंडातला आणि एक पायातला. दोघांच्या मधे धातूचा पातळसा पडदा, तोच पेल्याचा तळ. घाई केली तर टोच्या तळातून आरपार जाईल. हळूहळू टोकरत, उपडं करून झटकत माती निघते आणि मग भांडं उजेडाकडे धरून बघतात. तळातून प्रकाश येतो का? आला, तर धातू तिथपर्यंत पोचलाच नाही. असं भोक बाहेरून थोडा धातू ओतून बुजवता येतं, आणि अशी ठिगळं खऱ्या भांड्यांवर पाहायलाही मिळतात. फारच बिघडलं असेल तर भांडं पुन्हा मुशीत.

हे बरं निघालंय. आणि ते हिरवं नाही. संग्रहालयांतून आपल्या डोळ्यांत बसलेला तो हिरवा रंग तीन हजार वर्षं ओल्या मातीत पडून चढलेला आहे. ओतल्यावरची काळपट साल निघाली की खालचं कासं पिवळंधमक, सोन्याकडे झुकणारं. पितरांसमोर मांडलेली ही भांडी दिव्याच्या उजेडात कशी दिसत असतील, ते हिरव्या रंगावरून ताडायला गेलं की चुकतं. शांग मद्यपात्रांचं गूढ, काळोखं, भयाण वगैरे जे वर्णन वाचायला मिळतं, त्यातला बराच वाटा गंजाचा आहे असं माझं मत.

साच्याचे तुकडे शेजारच्या खड्ड्यात जातात. एका साच्यातून एकच भांडं. फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही आणि फोडलेला साचा पुन्हा कामाचा नाही. 2003-04च्या उत्खननात श्याओमिनथुनच्या अशाच खड्ड्यांतून सत्तर हजारांवर तुकडे निघाले. त्यांतून ओतलेली बहुतेक भांडी लुटली गेली, वितळवली गेली, हरवली. त्यांचा ठसा कचऱ्यात राहिला.

मोठ्या जेवणाआधी

माती आणणारे, कालवणारे, गाळणारे यांची ही वेळ. इथली माती म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी लोएस. कुंभाराला हवी तशी ती चिकट नाही आणि ओताऱ्याला तेच हवं आहे. चिकणमाती सुकताना आकसते, तडकते. लोएसमध्ये बारीक गाळ जास्त, चिकणा भाग कमी. ती पाण्यात ढवळून निवळून घेतली की चिकणा अंश आणखी घटतो. अशा मातीचा साचा सुकताना आणि भाजताना फारसा आकसत नाही, धातूची झळ सोसतो, आणि केसाएवढी रेघही धरून ठेवतो. शांग कलेचं श्रेय राजांना आणि पुरोहितांना भरपूर मिळालं आहे. थोडं या धुळीलाही द्यायला हवं.

तयार झालेले साचे उन्हात ठेवत नाहीत. जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत, सावलीला, ओल हळूहळू उडेल अशा बेताने ते दिवसचे दिवस पडून असतात. एखादा पोरगा येऊन नुसता हात लावून जातो: गार लागतंय म्हणजे अजून ओल आहे.

मोठ्या जेवणानंतर

पोटात गरम राळ्याची पेज गेली, हात ऊबदार झाले, उजेड स्वच्छ आहे. नक्षीचं काम आत्ताच, मध्यान्हीच्या आधी.

आपल्याकडचा ओतारी मूर्ती मेणात घडवतो, वर माती लिंपतो आणि मेण वितळवून काढून टाकतो. मेणाला हवा तसा आकार देता येतो, म्हणून मूर्तीचे हात कुठेही वळतात. शांग ओताऱ्याची वाट दुसरी. आधी पेल्याचा भरीव नमुना मातीचा. त्यावर ओलसर मातीचे पट्टे दाबून बसवायचे, उभे काप घेऊन ते सोडवायचे, की झाले साच्याचे तुकडे. मग तशाच घाटाचा पण किंचित लहान गाभा आत उभा करायचा. साचा आणि गाभा यांच्या मधली जी पोकळी, तेच भांडं.

बाकावर आज पुढच्या कामाचा नमुना आहे. त्याच्या कमरेवर आधी रेघा आखून घेतल्या आहेत: एक उभी मधली, दोन आडव्या, डोळ्यांच्या जागा. आखणीच्या अशा रेघा नमुन्यांच्या तुकड्यांवर अजून दिसतात. मग डोळा. ओल्या मातीची बारीक गोळी चिकटवून, दाबून, कडा धारदार करून. डोळ्याच्या मधे बुबुळाची खाच. डोळा बसला की बाकीचा चेहरा त्याच्याभोवती जमतो: वर आतल्या बाजूला वळलेलं शिंग, बाजूला कान, मधे नाकाचा उभा कणा, खाली बाहेर वळलेला जबडा. हनुवटी नाहीच. निम्मा चेहरा झाला की दुसरा निम्मा त्याची आरशातली प्रत. एकच अर्धुक एकटं पाहिलं तर तो बाजूने दिसणारा, तोंड उघडलेला एक पाय असलेला प्राणी वाटतो. दोन समोरासमोर आले की एक चेहरा. एकदा हे दिसलं की मग डोळ्यांना दोन्ही आळीपाळीने दिसत राहतात, थांबवता येत नाही.

मोकळी राहिलेली जागा तशीच सोडत नाहीत. हाडाच्या किंवा काशाच्या टोकदार कोरणीने तिथे चौकोनी गुंडाळ्या कोरायच्या, एकीला लागून दुसरी, मिलिमीटरभर रुंदीच्या खाचांच्या. चेहऱ्याच्या मागे ही दाट विणलेली पार्श्वभूमी असते, म्हणून चेहरा उठून येतो. काम कंटाळवाणं आहे आणि हात चळला की दिसतं. भिंगातून पाहिलेल्या शांग पेल्यांवर एखादी गुंडाळी शेजारणीपेक्षा अंगाने अरुंद, कोपऱ्यात कशीबशी कोंबलेली सापडते. जागा संपत आली होती आणि कारागिराने निभावून नेलं, एवढंच. मला ती गुंडाळी सगळ्या चेहऱ्यापेक्षा जास्त आवडते.

वर उमललेल्या मानेवर चार उभी टोकदार पानं, तोंडाच्या कडेकडे निमुळती होत जाणारी. खाली पायावर पुन्हा दोन चेहरे. आणि चारी बाजूंना, वरून खाली, करवतीसारख्या दात्यांच्या चार उभ्या पट्ट्या. दोन पट्ट्या चेहऱ्यांच्या नाकावरून जातात, दोन चेहऱ्यांच्या मधून. आता साच्याचे चार उभे तुकडे केले, तर जोड नेमके कुठे येतात? याच पट्ट्यांवर. जोडातून धातू थोडा तरी बाहेर झिरपतोच आणि उभी शीर उठते. ती पट्टीत मिसळून गेली की डोळ्याला खुपत नाही. आणि प्रत्येक तुकड्यात बरोब्बर अर्धा चेहरा.

या चेहऱ्याला ताओतिए म्हणतात. हे नाव ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या ‘ल्युश छुनछिउ’ या ग्रंथातून आलेलं, म्हणजे तेही शांगांच्या फार नंतरचं, आणि त्याच्यासोबत खादाड राक्षसाची गोष्टही आली. तेव्हापासून या डोळ्यांमागे कोण आहे याचा शोध चालू आहे: वाघ, रेडा, पितर, ओझा-मांत्रिकाचा मुखवटा. 1953 साली मॅक्स लोअर या अभ्यासकाने उलटं टोक धरलं. त्यांनी नुसत्या शैलीवरून नक्षीचे पाच टप्पे लावले, आधी बारीक रेघा, शेवटी ठसठशीत उठाव, आणि म्हटलं की ही नक्षी कशाचं चित्र म्हणून जन्मलेली नाही. त्यांचा क्रम पुढे झंगजौसारख्या जुन्या स्थळांच्या उत्खननांनी खरा ठरवला. अर्थाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला तितकंसं पटत नाही. इतका टक लावून पाहणारा डोळा निरर्थक असेल असं वाटत नाही. पण या बाकावर बसलं की एक गोष्ट मान्य करावी लागते. चेहरा समोरून का, दोन्हीकडे सारखा का, मधे कणा का, याची निम्मी उत्तरं साचा कुठे कापायचा या प्रश्नात आहेत. धर्माने काय मागितलं ते मातीने परवडेल त्या आकारात दिलं.

आणखी एक बारीक काम उरलं आहे. पायाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, घराण्याची खूण आणि ‘बाप यी’ ही दोन अक्षरं यायची आहेत. भांड्यावर अक्षरं खोलगट हवीत, म्हणजे गाभ्यावर ती उठावाची हवीत आणि उलटी. ज्याला लिहिता येत नाही अशाही हाताने ती नीट उठवलेली असतील, आकार म्हणून.

मध्यान्ह

भट्टीपाशी आता उभं राहवत नाही. जाड मातीच्या भिंतीची भट्टी, लोणारी कोळसा, आणि मातीच्या तोट्यांतून आत जाणारी हवा. तांबं एकटं 1085 अंशांना वितळतं. त्यात सहाव्या-सातव्या हिश्श्याने कथील मिसळलं की मिश्रण हजारच्या आतच पातळ होतं, आणि साच्याच्या बारीक खाचांत धावतं. कथील जास्त झालं तर पेला ठिसूळ. थोडं शिसं घातलं तर धातू आणखी पातळ वाहतो आणि स्वस्तही पडतो. फू हाओच्या काळात शिशाचा हात आखडता होता, पुढच्या पिढ्यांत तो सुटत गेला. राजधानीत शिशाचा साठा किती असे याचा एक अंदाज: ल्यूज्याझ्वांग इथल्या एका खड्ड्यात शिशाच्या 293 लाद्या सापडल्या, वजन तीन टनांहून जास्त. यातलं काहीच आनयांगच्या शिवारात उगवत नाही. तांब्याच्या शांगकालीन खाणी दक्षिणेला यांगत्सीकाठच्या डोंगरांत सापडल्या आहेत, कित्येकशे किलोमीटरवर.

साचे शेजारी शेकत ठेवलेत. गार साच्यात गरम धातू ओतला तर तो अर्ध्या वाटेत थिजतो.

सूर्य कलताना

आता जोडणी. गाभा उभा, त्याच्याभोवती साच्याचे चार तुकडे, खोबणीत खुंटी बसते तसे एकमेकांत अडकणारे. गाभा कुठेही टेकला तर तिथे भांड्याला भोक पडणार. म्हणून पोकळीत जुन्या काशाचे नखाएवढे तुकडे ठेवून अंतर राखलं जातं. ते तुकडे ओतलेल्या धातूत मुरून जातात. आज क्ष-किरणांत वेगळ्या छटेचे चौकोन होऊन दिसतात. जुन्या पिढीत पायातला गाभा मातीच्या खुंट्यांनी धरून ठेवत आणि त्यांची क्रॉसच्या आकाराची छिद्रं पायावर राहत. मग तुकडे आले, छिद्रांची गरज संपली, तरी कित्येक पेल्यांवर ती नुसती खूण म्हणून कोरलेली आढळतात. गिऱ्हाइकाला ती हवी असावीत.

वरून मातीचं लिंपण, दोऱ्यांचे वेढे, आणि साचा जमिनीत अर्धा पुरून उभा. पायाच्या कडेला एका बाजूला ओतायचं तोंड, दुसऱ्या बाजूला हवा निसटायची वाट.

धातू तयार झाला का, हे जाळाच्या रंगावरून कळतं. फार पुढे ‘काओगोंगजी’ या कारागिरीच्या ग्रंथात हे लिहून ठेवलं गेलं: आधी काळपट, मग पिवळट पांढरा, मग निळसर पांढरा, आणि शेवटी निव्वळ निळा-हिरवा जाळ दिसला की ओता. ग्रंथ लिहिणाऱ्याला हे भट्टीवरच्या कुणीतरी सांगितलं असणार.

मुशीवरची मळी बाजूला सारली जाते. दोघं जण उचलतात, तिसरा तोंडाकडे बघत असतो. धार एकदा सुरू झाली की थांबवायची नाही; मधे खंड पडला तर आत थर दिसतो, आणि तो थर म्हणजे तडा. पेल्याला किलोभर, फार तर दीड किलो धातू लागतो. काही श्वासांचं काम. दुसऱ्या बाजूच्या वाटेने धातू वर डोकावला, की भरलं. सगळ्या दिवसात सगळ्यांचा आवाज बंद होतो ती वेळ एवढीच, आणि ती खरं तर दिवसातली सगळ्यात छोटी. याच पद्धतीने 832 किलोंचं हौमूवू तिंग हे भांडं ओतलं गेलं, 1939 साली शेतात सापडलेलं. तेव्हा किती मुशी, किती माणसं, एकामागून एक न चुकता! त्या दिवसाचं वर्णन करायची माझी छाती नाही.

लहान जेवण

पेज, थोडं मीठ लावलेलं मांस असेल तर असेल. मद्य इथे मिळेलच असं नाही. ज्या मद्यासाठी ही भांडी, ते राळे-भाताचं आंबवलेलं, वनस्पतींचा वास लावलेलं. आनयांगच्या आणि हनान प्रांतातल्याच छांगझकौच्या थडग्यांतल्या घट्ट झाकणाच्या पात्रांत ते द्रवरूपात मागे राहिलं होतं आणि 2004 साली त्याचा रासायनिक तपास प्रसिद्ध झाला. ओताऱ्यांनी त्याचा वास घेतला असेल, चव घेतली असेल की नाही यावर पैज लावायला मी तयार नाही.

अंधार पडताना

सकाळी निघालेला पेला घासायला घेतला आहे. जोडांवरच्या शिरा ठोकून, मग वाळूदगडाने. लहान दगड सपाट भागाला, टोकदार दगड कोपऱ्यांना. नक्षीच्या खाचांत दगड जात नाही आणि जायची गरजही नाही, कारण तिथली धार ओतण्यातूनच आलेली आहे. कासं कोरून काढलेलं नाही, ते काम मातीत झालं. फक्त डोळ्यांवर शेवटचा हात फिरतो. बुबुळाची खाच आधी काळी ठेवायची, मग भोवतीचा गोल चमकवायचा.

एका पट्टीवर जोड किंचित सरकलेला आहे. डाव्या चेहऱ्याचं शिंग उजव्याहून दाण्याएवढं वर. मुकादम बोट फिरवून बघतो आणि पेला बाजूला ठेवतो, चालेल.

रात्र

ज्युएचा साचा आज रात्री भाजायचा. तीन पाय, एक मूठ, तोंडावर दोन खुंट्या, म्हणून तुकडे जास्त आणि जोडही जास्त. भट्टीत साचे एकमेकांना न टेकता रचले आहेत. जाळ फार वाढवायचा नाही. फार तापली तर माती काचेसारखी व्हायला लागते, सच्छिद्रपणा जातो, आणि मग हवा आतून निसटायला जागा राहत नाही. जाळ कमी पडला तर आत ओल राहते आणि ओतताना साचा फुटतो. रात्रभर एक जण लाकडं मोजून टाकत बसतो. त्याला उद्या दिवसाची सुट्टी.

परवा क्वे, आठवड्याचा शेवटचा दिवस. राजवाड्यात पुढच्या दहा दिवसांत काही अरिष्ट नाही ना, म्हणून कौल लावतील, तसे ते दर क्वेला लावतात. इकडे ज्युए उद्या ऊन कलताना ओतलं, परवा फोडलं आणि त्याचा एकही पाय अपुरा निघाला नाही, तर घासायला एक दिवस मिळतो. अपुरा निघाला तर मुकादमाने आधीच एक जादा साचा खड्ड्यात सुकत ठेवलेला आहे, नक्षी थोडी साधी असलेला.